परदेशात शालेय शिक्षण : अर्ज भरण्याआधी पालकांनी वाचायचं पत्रक

कोणता देश आणि कोणती शाळा, हे पालक सगळ्यात आधी विचारतात. सल्ला देताना आमचा आग्रह असतो की त्याआधी दोन प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहून काढा. तिकडे मुलाची जबाबदारी कोणाची? आणि परत आल्यावर मूल कोणत्या वर्गात बसणार? विद्यार्थी अल्पवयीन असतो, त्याच्या एकट्याच्या सहीला कुठेच किंमत नसते. त्यामुळे गुण उत्तम असूनही फाइल अडते ती या दोन जागी.

मार्ग मुख्यतः तीन. सुट्टीतला दोन ते चार आठवड्यांचा कार्यक्रम भाषा आणि ओळखीपुरता असतो. त्याचं प्रमाणपत्र मिळतं, पण शाळेच्या निकालात ते धरलं जात नाही. दुसरा मार्ग एक्स्चेंजचा, म्हणजे विद्यार्थी-अदलाबदलीचा : एक सत्र किंवा एक शैक्षणिक वर्ष, बहुधा स्थानिक कुटुंबात राहून. तिसरा, बोर्डिंग किंवा डे स्कूलमध्ये रीतसर प्रवेश घेऊन तिथलीच परीक्षा देणं.

एक्स्चेंज आणि रीतसर प्रवेश यांत सर्वांत जास्त गोंधळ अमेरिकेच्या बाबतीत होतो, म्हणून तेवढं सविस्तर. शालेय एक्स्चेंज जे-१ व्हिसावर होतं. कार्यक्रम सुरू होताना वय १५ पूर्ण हवं आणि साडेअठराच्या आत हवं. बालवाडी सोडून शाळेची ११ पेक्षा जास्त वर्षं पूर्ण झालेली चालत नाहीत. यजमान कुटुंबाला मोबदला दिला जात नाही. त्या घरातल्या प्रत्येक प्रौढाची गुन्हेविषयक पार्श्वभूमी तपासावी लागते आणि एक्स्चेंज घडवून आणणाऱ्या संस्थेचा स्थानिक समन्वयक विद्यार्थ्यापासून १२० मैलांच्या आत राहणारा असावा लागतो. शाळेचं लेखी संमतिपत्र आणि कुटुंबाचा पत्ता निघण्याआधी हातात हवा. ‘तिथे पोचल्यावर ठरवू’ असं कोणी सांगितलं, तर तिथेच थांबा.

रीतसर प्रवेशासाठीच्या एफ-१ व्हिसाचं गणित वेगळं. त्यावर सरकारी शाळेत फक्त नववी ते बारावी, तेही जास्तीत जास्त १२ महिने शिकता येतं आणि एका विद्यार्थ्यामागे शाळेला येणारा पूर्ण खर्च आधी भरावा लागतो. आठवीपर्यंत सरकारी शाळा मिळतच नाही. खासगी शाळेला या अटी लागू नाहीत. एकदा एफ-१ किंवा जे-१ वर अमेरिकेतल्या शाळेत सत्र किंवा वर्ष काढलं की पुढे जे-१ शालेय एक्स्चेंज मिळत नाही. ‘आधी सहा महिने पाठवून बघू, मग वर्षभर’ हा बेत म्हणूनच फसतो.

जबाबदारी कोणाची

कॅनडात १७ वर्षांखालचं मूल आईवडिलांशिवाय जात असेल, तर तिथे कस्टोडियन, म्हणजे मुलाची जबाबदारी घेणारा तिथला प्रौढ, लागतोच. त्याच्या घोषणापत्राची दोन पानं असतात. एकावर कस्टोडियन कॅनडातल्या नोटरीसमोर सही करतो, दुसऱ्यावर पालक आपल्या देशात. एकच पान नोटरी करून पाठवणं ही नेहमीची चूक. ऑस्ट्रेलियात बहुधा शाळाच देखरेखीचं पत्र देते आणि त्यावर देखरेख सुरू होण्याची तारीख असते. त्या तारखेआधी मुलाला देशात पाऊल टाकता येत नाही, म्हणून पत्र हातात येण्याआधी विमानाचं तिकीट काढू नका. ब्रिटनचा चाइल्ड स्टुडंट व्हिसा ४ ते १७ वयासाठी आहे आणि तो फी घेणाऱ्या खासगी शाळांपुरता. सरकारी शाळा त्यावर चालत नाही. तिथे १६ वर्षांखालचं मूल जवळचा नातेवाईक नसलेल्या कोणाच्या घरी २८ दिवस किंवा त्याहून जास्त राहणार असेल, तर स्थानिक प्रशासनाला कळवावं लागतं.

गार्डियन, म्हणजे तिकडचा जबाबदार प्रौढ, निवडताना नात्यापेक्षा अंतर बघा. रात्री मुलाला दवाखान्यात नेलं तर सही करायला कोण पोचेल, किती वेळात? चार तासांच्या अंतरावरचा सख्खा मामा या कामाला उपयोगी नाही. उपचारांच्या संमतिपत्रावर आई आणि वडील दोघांच्याही सह्या घ्या. पालक विभक्त असतील तर मुलाच्या ताब्याचा न्यायालयीन आदेश सुरुवातीलाच जोडा.

लसीकरणाचं कार्ड

हा कागद सगळ्यात शेवटी आठवतो आणि मुलाला पहिल्याच दिवशी वर्गाबाहेर ठेवतो. अमेरिकेतल्या शाळा साधारणपणे गोवर-गालगुंड-रुबेलाच्या दोन मात्रा मागतात, दोहोंत किमान २८ दिवसांचं अंतर हवं. पहिली मात्रा पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास किंवा नंतरची हवी. अनेक देशांत गोवराची लस नवव्या महिन्यात देतात, ती तिथे मोजत नाहीत. कार्डावर दोन नोंदी दिसतात, पण शाळेच्या लेखी एकच. हेपेटायटिस बीच्या तीन मात्रा नेहमीच्या वेळापत्रकाने पूर्ण व्हायला सहा महिने लागतात. कार्ड म्हणूनच अर्जाच्या दिवशीच डॉक्टरांना दाखवा. तारखाही अंकांत लिहू नका : ३/४ म्हणजे आपल्याकडे ३ एप्रिल, अमेरिकेत ४ मार्च. महिन्याचं नाव अक्षरांत लिहून डॉक्टरांचा शिक्का घ्या.

परत आल्यावरचं वर्ष

एक्स्चेंजला गेलेल्या मुलाला डिप्लोमा (शाळा पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र) देण्याचं बंधन यजमान शाळेवर नसतं. निघण्याआधी आपल्या शाळेकडून लेखी घ्या : कोणते विषय तिकडे घेतले तर वर्ष धरलं जाईल, आणि नाही धरलं तर मूल कोणत्या वर्गात बसेल. तोंडी आश्वासन वर्षभरात मुख्याध्यापक बदलले की संपतं. शाळांची वर्षंही जुळत नाहीत. अमेरिका-युरोपात ऑगस्ट-सप्टेंबर, जपानमध्ये एप्रिल, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारी अशी सुरुवात असते.

इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या आंतरराष्ट्रीय शालेय अभ्यासक्रमाचा डिप्लोमा दोन सलग वर्षांचा आहे : सहा विषय, एकूण ४५ गुण, उत्तीर्ण व्हायला इतर अटींसह किमान २४. त्याच्या मध्ये एक्स्चेंजचं वर्ष घालू नका. जायचंच असेल तर डिप्लोमा सुरू होण्याआधी. गणिताचे तिथे दोन वेगळे अभ्यासक्रम आहेत आणि अभियांत्रिकीकडे जाणाऱ्याला विद्यापीठ बहुधा त्यांतला ‘ॲनालिसिस अँड ॲप्रोचेस’ उच्च स्तरावर मागतं. ही निवड पहिल्याच महिन्यात होते, नंतर बदलणं अवघड जातं.

यजमान कुटुंबाला पत्र

हे मुलानेच लिहावं, पालकांनी किंवा आम्ही नाही. ‘मला सगळं आवडतं, मी कुठेही जुळवून घेतो’ या वाक्यातून कुटुंबाला काहीच कळत नाही. ‘सकाळी सहाला उठतो, आंघोळीला पंधरा मिनिटं लागतात, कुत्र्याच्या केसांनी शिंका येतात, अंडं खातो पण मांस नाही, रात्री दार लावून झोपायची सवय आहे’ हे वाचून त्यांना ठरवता येतं. ॲलर्जी, दमा, औषधं किंवा समुपदेशन यांतलं काही लपवू नका. हे नंतर उघड झालं तर कुटुंब बदलावं लागतं, कधी मुलाला परत यावं लागतं, आणि त्याचा सगळा भार त्या कोवळ्या जिवावर पडतो.

आमच्याकडे पहिल्यांदा येताना मुलाला सोबत आणा. बरोबर पासपोर्ट (मुक्काम संपल्यावरही सहा महिने वैध असलेला उत्तम), मागच्या तीन वर्षांच्या मार्कशीट, लसीकरणाचं कार्ड आणि जन्मदाखला असू द्या. चारही कागदांवर नावाचं स्पेलिंग एकच आहे का, हे घरीच ताडून पाहा. फरक असेल तर आधी तो दुरुस्त करून घ्या. निघण्याच्या १२ ते १५ महिने आधी आलात तर हे सगळं घाई न करता होतं.