मल्टिपल टँक सिंड्रोम: एका फिशटँकवर न थांबणं

मल्टिपल टँक सिंड्रोम, हॉबीतले लोक थोडक्यात एमटीएस म्हणतात, म्हणजे घरात एक फिशटँक आला की दुसरा, मग तिसरा, आणि दरवेळी आधीच्यापेक्षा मोठा टँक आणावासा वाटणं. नावात सिंड्रोम असलं तरी हा कुठला वैद्यकीय आजार नाही, मासे पाळणाऱ्यांनी आपल्याच ओढीला दिलेलं हे नाव आहे. मराठीत त्याला वेगळा शब्द रुळलेला नाही, "अजून एक टँक टाकलाय" एवढं म्हटलं की समोरच्या हॉबीवाल्याला सगळं कळतं. हीच एमटीएस अक्षरं या छंदात मलेशियन ट्रम्पेट स्नेल नावाच्या गोगलगायीसाठी पण वापरतात, शंखाचा आकार शंकूसारखा लांबट, झाडांच्या मुळांना चिकटून नकळत घरात येते, दिवसा वाळूत दडून बसते आणि दोन-चारच्या शंभर कधी होतात पत्ता लागत नाही, त्यामुळे बोलताना कुठलं एमटीएस ते आधी सांगावं लागतं.

बाहेरून बघणाऱ्याला हे सगळं खरेदीचं वेड वाटतं. थोडं असेलही, पण बहुतेक घरांत दुसरा टँक येतो तो पहिल्या टँकमधल्या माशांमुळे, त्यांची गरज पहिल्यात भागत नाही म्हणून.

दुसरा टँक कसा येतो

गप्पीचंच घ्या. महाराष्ट्रात गप्पी कुणाला नवीन नाही, "गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा" हे भिंतीवर रंगवलेलं वाचतच आपण मोठे झालो, डासांच्या अळ्या खातो म्हणून आरोग्य खात्याचे लोक तो हौदात नि विहिरीत सोडतात. त्याच्याच रंगीत, मोठ्या शेपटीच्या जाती दुकानात जोडीने मिळतात. गप्पी अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते, साधारण चार आठवड्यांनी एकदा, एका वेळी वीस-तीस तर सहज, आणि एकदा नराचा संग झाला की मादी ते बीज अंगात साठवून ठेवते आणि पुढे काही महिने नर नसला तरी वीत राहते.

माझा पहिला टँक दोन फुटी होता, दोन बाय एक बाय एक. एका मादीचं पोट खालून चौकोनी दिसायला लागलं, शेपटीकडचा काळा डाग गडद झाला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लाईट लावला तर जावा मॉस या पाणशेवाळाच्या गुंत्यात नुसते डोळेच डोळे, अर्ध्या सेंटिमीटरची पारदर्शक पिल्लं, आणि त्यांची आईच वरून फिरत एकेकाला टिपत होती. लोणच्याची एक काचेची बरणी रिकामी होती, ती धुतली, टँकचंच पाणी भरलं आणि चमच्याने एकेक पिल्लू काढलं, सतरा निघाली. बरणीत त्यांना जागाही पुरेना आणि पाणीही दोन दिवसांत वास मारायला लागलं म्हणून एक फुटी टँक आणला. हा माझा दुसरा टँक, आणि तो आणताना मी काही वेगळं करतोय असं मला अजिबात वाटलं नव्हतं.

फायटरचं कारण वेगळं. त्याला बेटा पण म्हणतात, मूळचा थायलंडकडचा. डोक्यात चक्रव्यूहासारखा एक अवयव असतो, त्यामुळे तो पृष्ठभागावर येऊन थेट हवेतून श्वास घेतो आणि कमी ऑक्सिजनच्या पाण्यातही तगतो, पण दोन नर एका पाण्यात ठेवले तर पंख फाटेपर्यंत आणि कधी कधी मरेपर्यंत भांडतात. ज्याला निळा आवडला आणि मग लाल पण आवडला त्याला दोन टँक लागणारच, मधे काच घालून एकाचे दोन केले तरी ते दोनच.

मग पाणी. डिस्कस या माशाला मऊ, किंचित आम्लधर्मी आणि कोमट पाणी लागतं, २८ ते ३० अंश, आणि आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातल्या सिक्लिड माशांना जड, अल्कधर्मी, पीएच आठच्या आसपासचं. हे दोन्ही एका टँकमध्ये सुखाने राहूच शकत नाहीत, कितीही महागडा फिल्टर लावा. बोअरवेलचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं आणि त्यावर डिस्कस पाळायचा हट्ट धरला की आरओचं पाणी मिसळणं आलं, आधी साठवायला एक ड्रम आला, म्हणजे टँक नसलेला अजून एक टँकच.

क्वारंटाइन टँक मात्र मी एमटीएसमध्ये धरत नाही. दुकानातून आणलेला मासा सरळ मोठ्या टँकमध्ये सोडला आणि त्याला व्हाइट स्पॉट हा संसर्गाचा रोग असला तर आठवडाभरात सगळ्यांच्या अंगावर मिठाचे दाणे टाकल्यासारखे ठिपके दिसतात. नवा मासा दोन ते चार आठवडे वेगळा ठेवायचा एवढाच उपाय, त्याला एक साधा, वाळू नसलेला, स्पंज फिल्टरवाला टँक लागतो. हा टँक सगळ्यात आधी घ्यायला हवा आणि लोक नेमका हाच घेत नाहीत.

मोठा का लागतो

घरातला पहिला टँक बऱ्याचदा वास्तूसाठी येतो, आठ सोनेरी आणि एक काळा अशा नऊ गोल्डफिशसह. गोल्डफिश भरपूर खातो आणि तेवढीच घाण करतो, नीट वाढला तर वीतभर तरी होतो, नऊ गोल्डफिश दोन फुटात म्हणजे त्यांच्यावर अन्यायच आहे. काही महिन्यांत पाणी गढूळ, मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात, आणि घरातलं कुणीतरी म्हणतं की टँक लहान पडतोय.

ते बरोबरच असतं. माशांच्या विष्ठेतून, कल्ल्यांतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो, तो विषारी. एका जातीचे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच, आणि दुसरे त्याचं नायट्रेट करतात जे बऱ्यापैकी सोसतं. हे जीवाणू फिल्टरच्या स्पंजवर, वाळूवर बसतात आणि नव्या टँकमध्ये त्यांना जम बसवायला चार ते सहा आठवडे लागतात, याला टँक सायकल होणं म्हणतात. दोन बाय एक बाय एकच्या टँकमध्ये काठोकाठ भरला तरी ५६ लिटर पाणी, चार बाय दीड बाय दीडमध्ये २५५. एखादा मासा झाडामागे मरून पडला आणि दिवसभर लक्षात आलं नाही तर ५६ लिटरमध्ये बाकीच्यांच्या जिवावर बेततं, २५५ मध्ये निभावून जातं. तापमानाचंही तसंच, नागपूर-चंद्रपूरकडच्या मे महिन्यात छोटा टँक दुपारपर्यंत तापतो, मोठा हळू तापतो आणि हळू निवतो. म्हणून अनुभवी माणूस नवशिक्याला झेपेल तेवढा मोठा टँक घे असं सांगतो, आणि हा सल्ला खराच चांगला आहे. फक्त तो पहिल्या टँकसाठी आहे, लोक तो प्रत्येक टँकच्या वेळी स्वतःला सांगत राहतात.

दुसरं कारण मासा वाढतो हे. सकर, काचेवर चिकटून शेवाळ खातो म्हणून दोन इंचाचा विकतात, तो फूटभर आणि त्याहून मोठा होतो. ऑस्करही फूटभर होतो, अरोवाना दोन-अडीच फूट. मला एका दुकानात ठामपणे सांगितलं होतं की मासा टँकच्या मापानेच वाढतो, काळजी करू नका, आणि मी ते धरून चाललो. तसं काही नसतं. लहान टँकमध्ये वाढ खुंटते ती खराब पाण्यामुळे, मासा खंगतो, कणा वाकडा होतो आणि जगायचा त्याच्या अर्धंही जगत नाही. ते डोळ्यासमोर बघितल्यावर मोठा टँक घ्यायची जी घाई होते तिला मी हाव म्हणणार नाही.

आणि खरी गंमत म्हणजे दुसरा टँक पहिल्यापेक्षा कितीतरी सोपा असतो. जुन्या फिल्टरचा स्पंज नव्या टँकमध्ये पिळला किंवा तसाच लावला की जीवाणू आयते मिळतात, सहा आठवड्यांचं काम काही दिवसांवर येतं. टँकमधल्या पाणवनस्पतीही वाढतच असतात, व्हॅलिसनेरियाला धुमारे फुटून पोरं सुटतात, हॉर्नवर्ट छाटावाच लागतो, मॉस मुठीमुठीने निघतो, ते फेकवत नाही, पिल्लं तर आहेतच. म्हणजे माल घरातच तयार, कमी असते ती फक्त काचेची पेटी. टँक वाढण्याचं हे सगळ्यात मोठं कारण आहे असं मला वाटतं.

काच फुटाच्या मापाने, ऑर्डर देऊन बनवून घ्यायची आपल्याकडे पद्धत आहे. नव्या टँकच्या सांध्यातल्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, सुकताना त्यातून ॲसेटिक ॲसिड सुटतं म्हणून, तो वास पूर्ण जाईपर्यंत थांबायचं, मग पाणी भरून खाली कोरडा कागद पसरून एक रात्र ठेवायचं, सकाळी कागदावर ओल दिसली नाही की टँक पास. पाण्याचा दाब लांबीने नाही, उंचीने वाढतो, त्यामुळे उंच टँकला जाड काच लागते. स्टँडवर थर्माकोलची शीट टाकतात ती उंचसखलपणा सामावून घ्यायला.

वजन

हा भाग सोडून देऊ नये, कारण इथे चूक झाली तर माशांपुरती राहत नाही. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. सहा बाय दोन बाय दोनच्या टँकमध्ये ६८० लिटर, वर काच, वाळू, दगड, स्टँड धरून आठशे-साडेआठशे किलो, आणि हे सगळं जेमतेम १.१ चौरस मीटरवर. भारतीय मानकांप्रमाणे राहत्या घराच्या स्लॅबवर चौरस मीटरला सुमारे २०० किलो एवढा वापराचा भार धरलेला असतो, म्हणजे टँकखाली तो जवळपास चौपट होतो. भार शेजारच्या भागात वाटला जातो म्हणून बहुतेक वेळा लगेच काही होत नाही, पण एवढा टँक खोलीच्या मधोमध ठेवायचा नसतो, भिंतीलगत, बीमच्या जवळ ठेवायचा आणि जुन्या बिल्डिंगमध्ये इंजिनिअरला विचारल्याशिवाय ठेवायचाच नाही. चार टँक एका लोखंडी रॅकवर रचले तरी हिशेब हाच.

ही ओढ जुनी आहे

लंडनमध्ये १८५० साली रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञाने काचेच्या भांड्यात मासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवून ते पाणी टिकतं हे दाखवलं, १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडलं, आणि १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस यांनी ॲक्वेरियम हा शब्द रूढ केला. त्यानंतर इंग्लंडमधल्या मध्यमवर्गीय घरांत काचपेट्यांची लाट आली, लोक समुद्रकिनाऱ्यावरच्या खडकांतून समुद्रफुलं (सी ॲनिमोन, फुलासारखे दिसणारे प्राणी) खरवडून आणायला लागले आणि काही किनारे उजाड झाले. मुंबईत मरीन ड्राइव्हला तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झालं, कितीतरी मराठी घरांत टँकचा हट्ट तिथून परतीच्या लोकलमध्ये सुरू झाला असणार. मोठ्या टँकची ओढ कुठवर जाते ते बघायचं तर जपानच्या ताकाशी अमानो यांचं काम बघावं, पाण्याखाली हिरवं रान उभं करायची त्यांची पद्धत जगभर पसरली, २०१५ मध्ये जाण्याआधी त्यांनी लिस्बनच्या मत्स्यालयात केलेला टँक ४० मीटर लांब, एक लाख साठ हजार लिटरचा आहे.

कुठे थांबायचं

पैसा, जागा, लाइटबिल हे सगळं खरं, पण माझ्या मते खरं माप बादली आहे. आठवड्याला पाव भाग पाणी बदलायचं म्हटलं तर २५५ लिटरच्या टँकमधून साधारण ६५ लिटर, म्हणजे पंधरा लिटरच्या सव्वाचार बादल्या बाहेर आणि तेवढ्याच आत, त्याही क्लोरीन उडायला रात्रभर ठेवलेल्या किंवा अँटिक्लोरीनचे थेंब टाकलेल्या. असे तीन टँक झाले की सव्वीस बादल्या. रविवारची सकाळ त्यात जाते, आणि ज्या रविवारी लग्न असतं, ताप असतो, परीक्षा असते त्या रविवारी ते पाणी तसंच राहतं. नायट्रेट चढत जातं, काचेवर शेवाळ येतं, आधी लहान मासे जातात. एकदोन आठवडे चुकलं तर काही नाही, पण जो टँक महिनाभर बघवत नाही म्हणून आपण त्याच्यासमोरून जाणंच टाळतो तो टँक आपल्या आवाक्याबाहेर गेलेला असतो. चार छोट्यांपेक्षा एक मोठा बरा हे मी पाणी वाहून वाहून शिकलो.

पाण्याचं अजून एक. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं, अशा दिवसांत टँकचं पाणी नाल्यात ओतणं जिवावर येतं. काढलेल्या पाण्यात नायट्रेट असतं, कुंड्यांना, तुळशीला ते खतासारखं लागू पडतं, गोड्या पाण्याच्या टँकचं तरी एक थेंब फेकू नये. आणि टँक जितके जास्त तितकी रात्री लाइट गेल्यावरची धांदल जास्त, बॅटरीवर चालणारा हवेचा पंप टँकमागे एक हा हिशेब आधीच करून ठेवावा, कारण माशांनी गच्च भरलेल्या टँकमध्ये काही तासांतच ऑक्सिजन कमी पडतो.

टँक कमी करताना मासे दुसऱ्या हॉबीवाल्याला द्यावेत, दुकानदार बहुतेक वेळा परत घेतो, पिल्लं तर आनंदाने घेतो. नदीत, तलावात, विहिरीत सोडू नयेत, सोडणाऱ्याला ती सुटका वाटते तरी. सकर असाच कुणी कुणी सोडलेला आज उजनीच्या पाण्यात पोसला गेलाय. अंगावर चिलखतासारखी खवलं, पंखांना टोकदार काटे, मच्छीमाराच्या जाळ्यात अडकला की जाळं फाडूनच निघतो आणि बाजारात त्याला कुणी विचारत नाही.