पेपरेल घराण्याचा किताब: १७४६ ते १८१६

विल्यम पेपरेल हा मुळात व्यापारी होता. आजच्या अमेरिकेतील मेनच्या (तेव्हा ब्रिटिशांच्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीचा भाग) किनाऱ्यावरील किटरी येथे १६९६ मध्ये त्याचा जन्म झाला. मासेमारीपासून सुरुवात करून वडिलांनी मासळी, लाकूड आणि जहाजबांधणीचा मोठा व्यवसाय उभारला होता. १७३४ मध्ये त्यांच्या निधनानंतर तो या मुलाकडे आला. त्याचे सैनिकी पद स्थानिक मिलिशियातील (नागरिकांच्या सैन्यातील) कर्नलचे होते. तरीही १७४५ मध्ये आजच्या कॅनडातील केप ब्रेटन बेटावरील लुईबूर या फ्रेंच किल्ल्यावर चालून गेलेल्या सुमारे ४,००० वसाहतवासीयांचे नेतृत्व त्याच्याकडे दिले गेले आणि सुमारे साडेसहा आठवड्यांच्या वेढ्यानंतर, ब्रिटिश आरमाराच्या साहाय्याने, जूनमध्ये किल्ला पडला. वेढ्यात माणसे फारशी कामी आली नाहीत. त्यानंतरच्या हिवाळ्यात मात्र किल्ल्याच्या शिबंदीतील सुमारे ९०० जण रोगराईने मेले. १७४८ च्या तहाने हाच किल्ला फ्रेंचांना परत गेला आणि त्या बदल्यात फ्रेंचांनी घेतलेले मद्रास इंग्रजांना परत मिळाले. या अदलाबदलीमुळे न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे मॅसॅच्युसेट्स आणि शेजारच्या वसाहतींत, नाराजी पसरली आणि ती अनाठायी म्हणता येत नाही.

पेपरेलला १७४६ मध्ये बॅरोनेट हा वंशपरंपरागत किताब मिळाला. अमेरिकेत जन्मलेल्या व्यक्तीला तो पहिल्यांदाच मिळत होता. घराण्याच्या इतिहासातील सर्वांत मोठा गुंता याच किताबाभोवती आहे. किताबाच्या मूळ अटीनुसार तो केवळ औरस पुरुष वंशजाकडे जाऊ शकत होता. पेपरेलच्या चार अपत्यांपैकी दोन बालपणीच गेली आणि एकुलता उरलेला मुलगा १७५१ मध्ये, लग्नाआधीच, वारला. मागे राहिली ती विवाहित मुलगी. म्हणून पेपरेलने मृत्युपत्रात मुलीच्या मुलाला, म्हणजे दौहित्राला, मुख्य वारस केले आणि त्याने वडिलांचे स्पारहॉक हे आडनाव सोडून पेपरेल हे नाव लावावे, अशी अट घातली. मराठी वाचकाला हे दत्तकविधानासारखे वाटेल, आणि हेतू पाहता ते तसे होतेही. फरक परिणामात आहे. आपल्याकडे दत्तकपुत्र घरात आला की वंश पुढे चालला असे मानले जाई; येथे मृत्युपत्राने नाव आणि मिळकत देता आली, किताब देता आला नाही. ६ जुलै १७५९ रोजी पेपरेलच्या मृत्यूबरोबर तो संपला.

पुढे १७७४ मध्ये त्या नातवालाही बॅरोनेट करण्यात आले. आजोबा आणि नातू दोघेही ‘सर विल्यम पेपरेल’ असल्यामुळे नातवाला सर्रास ‘दुसरा बॅरोनेट’ म्हटले जाते. हे चूक आहे. त्याचा किताब नव्याने दिलेला होता, आणि त्या अर्थाने तोही पहिलाच. १७५९ ते १७७४ या पंधरा वर्षांत पेपरेल घराण्यात एकही बॅरोनेट नव्हता.

वंशावळीतील या चुकीमुळे राजकारणही झाकले जाते. दुसऱ्यांदा किताब मिळाला तेव्हा वसाहती बंडाच्या उंबरठ्यावर होत्या. त्याच वर्षी नातवाने मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरच्या सल्लागार मंडळावर राजाने केलेली नेमणूक स्वीकारली आणि मेनमधील ज्या यॉर्क परगण्यात आजोबांना मान होता तेथेच त्याचा जाहीर निषेध झाला. त्याची पत्नी अँटिग्वातील ऊसमळ्यांवर, म्हणजे गुलामांच्या श्रमावर, श्रीमंत झालेल्या घराण्यातली होती. १७७५ मध्ये अमेरिका सोडतानाच ती वारली. बंडानंतरच्या मॅसॅच्युसेट्स सरकारच्या १७७८ च्या कायद्याने राजाशी एकनिष्ठ राहिलेला नातू हद्दपार ठरला आणि लुईबूरच्या विजेत्याने जमवलेली मिळकत पुढे सरकारजमा झाली. १७७८ मध्येच लंडनमध्ये काढलेल्या कौटुंबिक चित्रात पत्नी मुलांसह जिवंत दाखवलेली आहे.

आजोबांची पत्नी मात्र किटरीतच राहिली. पतीनिधनानंतर बांधलेल्या घरात १७८९ मध्ये तिचे निधन झाले; ते घर अजून उभे आहे. नातवाचा मुलगा त्याच्याआधीच गेला होता, त्यामुळे १८१६ मध्ये नातवाच्या मृत्यूनंतर दुसरा किताबही पहिल्यासारखाच पुरुष वारसाअभावी संपला.