पासवर्ड नेमका कोणत्या खिडकीत पडतो?

रावेर-यावल पट्ट्यात केळीचा पीकविमा भरायचे दिवस आले की सेतू केंद्रावर गर्दी होते. ऑपरेटरच्या एकाच पडद्यावर विम्याचं पोर्टल, कुणाचा सातबारा, कुणाचं स्कॅन केलेलं पासबुक, आणि कधीकधी दुरून संगणक चालवू देणारं ॲपही उघडं असतं. शेतकरी ओटीपी सांगतो, ऑपरेटर तो टाईप करतो. ते आकडे पोर्टलशिवाय आणखी कुणी वाचले नाहीत, अशी हमी बहुतेक संगणक देऊ शकत नाहीत.

याचं मूळ १९७३ च्या झेरॉक्स अल्टोपर्यंत जातं. तो एका माणसाने वापरायचा संगणक होता, त्यामुळे त्यावरच्या प्रोग्रामांनी एकमेकांवर विश्वास ठेवणं स्वाभाविक होतं. पुढे १९८४ मध्ये एमआयटीत सुरू झालेल्या एक्स विंडो सिस्टिमने (पडद्यावर खिडक्या मांडणारी, कळा-माउस सांभाळणारी खिडकी-व्यवस्था) आणि विंडोजनेही तेच गृहीत धरलं. एक्सला एकदा जोडलेला प्रोग्राम शेजारच्या खिडकीचं चित्र घेऊ शकतो, तिथे दाबलेल्या कळाही टिपू शकतो. फायलींना परवानग्या आल्या, पडदा मात्र सामाईकच राहिला.

प्रत्येक प्रोग्रामच्या हाती मोजकेच अधिकार देणाऱ्या ‘कॅपॅबिलिटी’ची कल्पना यापेक्षा जुनी आहे. जॅक डेनिस आणि अर्ल व्हॅन हॉर्न यांनी ती १९६६ मध्ये मांडली. प्रोग्राम कुणाच्या नावाने चालतो हे इथे विचारतच नाहीत. ज्याच्या हाती ज्या कपाटाची चावी, त्याला तेवढंच कपाट. कीकॉस आणि नंतर इरॉस या ऑपरेटिंग सिस्टिम याच तत्त्वावर उभ्या राहिल्या. पण अशा कर्नलवर, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यावर, जुनीच खिडकी-व्यवस्था बसवली, तर खाली काटेकोरपणे घातलेली कुंपणं वर पडद्यावर मोडतात.

म्हणून जोनाथन शापिरो आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये इरॉससाठी मांडलेली खिडकी-व्यवस्था मला फार मोलाची वाटते. सगळा मिळून कोड ४,५०० ओळींपेक्षा कमी. आधीच्या ट्रस्टेड एक्सच्या, म्हणजे एक्सच्या सुरक्षित केलेल्या आवृत्तीच्या, दहाव्या हिश्श्याएवढा. त्यातलं कॉपी-पेस्ट बघण्यासारखं आहे. एरवी क्लिपबोर्डवरचा मजकूर कुठलाही प्रोग्राम गुपचूप उचलू शकतो. इथे पेस्ट करायची कृती माणसाने स्वतः केली, हे खिडकी-व्यवस्थेला दिसावं लागतं. त्यानंतरच मजकूर या खिडकीतून त्या खिडकीत जातो. खाते क्रमांक कॉपी करून ठेवला, म्हणजे तो सगळ्यांसाठी मांडून ठेवला असं होत नाही.

पुढच्याच वर्षी जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या नॉर्मन फेस्के आणि ख्रिश्चन हेल्मुथ यांनी निटपिकर ही अशीच खिडकी-व्यवस्था आणली, साधारण १,५०० ओळींची. तिने एक राखीव कळ ठेवली. ती दाबली की चालू खिडकी सोडून बाकी सगळं मंद होतं आणि प्रत्येक खिडकीवर तिच्या मालक प्रोग्रामचं नाव उमटतं. बँकेच्या पानाची हुबेहूब नक्कल केलेली खिडकी तिथे लगेच उघडी पडते, कारण ही पाटी कुठल्याही प्रोग्रामला झाकता येत नाही.

२००८ मध्ये सुरू झालेल्या वेलँड या एक्सच्या जागी आलेल्या व्यवस्थेने लिनक्सवर खिडक्या एकमेकींपासून वेगळ्या केल्या. निटपिकर आज जेनोड या खुल्या प्रणालीचा भाग आहे. त्याचा मूळ आराखडा इतका आटोपशीर आहे, की जळगाव-धुळ्याच्या अभियांत्रिकीच्या मुलांना तो एका सत्राच्या प्रकल्पात ओळ न् ओळ वाचून काढता येईल.