दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगा: अक्रनपासून मुंबई-पुण्यापर्यंत

अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे ए.ए.ची मीटिंग बहुधा चर्चच्या हॉलमध्ये किंवा शाळेच्या एखाद्या वर्गात भरते. फी नसते, पूर्ण नाव कुणी विचारत नाही, रजिस्टरमध्ये सही नाही. समोर डॉक्टर नसतो, समुपदेशकही नसतो. घरातल्या माणसाला तिथे पाठवू पाहणारी बायको किंवा आई गोंधळते ती इथेच: मग तिथे करतात तरी काय? याचं उत्तर मीटिंगा सुरू कशा झाल्या, त्यात आहे.

मे १९३५. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं अक्रन हे रबराच्या कारखान्यांचं शहर. न्यूयॉर्कचा बिल विल्सन शेअर बाजाराच्या धंद्यातला. एका कंपनीच्या व्यवहारासाठी तो तिथे आला होता आणि तो व्यवहार फिसकटला. दारू सुटून जेमतेम पाच महिने झाले होते. मेफ्लॉवर हॉटेलच्या लॉबीत तो एकटाच, आणि बारमधला गलका कानावर येत होता. दुसऱ्या बाजूला टेलिफोन आणि चर्चची यादी. त्याने एका पाद्र्यांना फोन लावला आणि अजून पीत असलेला एखादा माणूस भेटेल का, असं विचारलं. न्यूयॉर्कमध्ये तो पिणाऱ्यांना समजावत फिरला होता. त्यातला कुणीही टिकला नाही, पण त्या धडपडीत त्याची स्वतःची दारू मात्र बंद राहिली होती.

फोनवर फोन करत तो अक्रनमधल्या हेन्रिएटा सीबरलिंग या बाईंपर्यंत पोहोचला. त्यांच्या घरी दुसऱ्या दिवशी, रविवारी, त्याची सर्जन डॉ. बॉब स्मिथ यांच्याशी गाठ पडली. पंधरा मिनिटांपेक्षा जास्त थांबणार नाही, असं बायकोला बजावून डॉक्टर आले होते. बोलणं कित्येक तास चाललं. बिलने उपदेश केला नाही. न्यूयॉर्कमध्ये त्याच्यावर उपचार केलेले डॉ. सिल्कवर्थ यांनी त्याला आधीच सांगितलं होतं की लोकांना धर्म शिकवू नकोस, आजाराबद्दल बोल. म्हणून तो फक्त स्वतःचं पिणं सांगत गेला. आजच्या मीटिंगमधलं ‘शेअरिंग’ म्हणजे नेमकं हेच. डॉ. बॉब यांच्यावर आजवर उपदेशाचा मारा खूप झाला होता. आपल्यासारखंच दारूचं व्यसन भोगलेला माणूस समोर बसून बोलतोय, हे पहिल्यांदा घडत होतं.

तरी काही आठवड्यांत डॉक्टरांची ‘स्लिप’ झाली. वैद्यकीय परिषदेला गेले आणि भरपूर प्यायले. त्यानंतर १० जून १९३५ हा त्यांच्या शेवटच्या घोटाचा दिवस समजला जातो, आणि तोच दिवस ए.ए.चा स्थापना दिवस मानला जातो. स्लिप झालेला माणूस परत आला तर त्याला दार बंद नसतं, याची मुळं इतकी जुनी आहेत. मला या इतिहासातली सर्वात मोलाची गोष्ट हीच वाटते.

१९३९ मध्ये त्यांचं पुस्तक आणि त्यातल्या बारा पायऱ्या, म्हणजे दारूपासून दूर राहण्यासाठी सदस्याने टप्प्याटप्प्याने करायच्या गोष्टी, छापल्या गेल्या. मीटिंग शोधायची तर लोक न्यूयॉर्कच्या कार्यालयाला पत्र लिहीत आणि ते पत्र जवळच्या सदस्याकडे जाई. मार्च १९४१ मध्ये ‘सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट’ या अमेरिकन साप्ताहिकात ए.ए.वर लेख आला आणि वर्षभरात सदस्यसंख्या सुमारे दोन हजारांवरून आठ हजारांवर गेली. अमेरिकेतले धनाढ्य दानशूर रॉकफेलर यांच्याकडे मोठी मदत मागितली होती. पैशाने हे काम बिघडेल, म्हणत त्यांनी थोडकी रक्कम दिली. बाहेरची देणगी घ्यायची नाही, खर्च सदस्यांनी स्वेच्छेने दिलेल्या पैशातून, ही परंपरा पुढे पक्की झाली. १९५० मध्ये बारा परंपरा, म्हणजे गट कसे चालवायचे याची तत्त्वं, स्वीकारल्या गेल्या. सदस्यत्वाची अट एकच: दारू सोडायची इच्छा. पुढच्याच वर्षी बिलची पत्नी लोइस यांच्या पुढाकाराने घरच्यांसाठी अल-अनॉन उभं राहिलं.

भारतात हे काम १९५७ च्या सुमारास आलं. तेव्हा मुंबई राज्यात दारूबंदी होती, १९४९ चा कायदा लागू होता. कायद्याने शहर कोरडं असतानाही पिणारे होतेच, आणि बंदीने ज्यांची सुटली नाही त्यांच्यासाठी या मीटिंगा होत्या. पुण्यात २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केलं, पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने. ते व्यसनमुक्ती केंद्र, ए.ए. नव्हे. पण उपचार संपवून घरी गेलेल्या माणसाला नियमित भेटीगाठींचा आधार हवा, हे महाराष्ट्रातल्या अनेक कुटुंबांना अशा केंद्रांमुळे कळलं.

परिणामाबद्दल शंका असणाऱ्यांसाठी: वैद्यकीय संशोधन एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२० च्या आढाव्यात २७ अभ्यास तपासले गेले. दारूपासून पूर्ण दूर राहण्याच्या बाबतीत ए.ए.कडे वळवणारे ठरावीक कार्यक्रम इतर प्रस्थापित उपचारांच्या तोडीचे किंवा सरस ठरले.

मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद करू नये. फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जिवावर बेतू शकतं. आधी डॉक्टर, मग मीटिंग. खुद्द डॉ. बॉब यांनी अक्रनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये सिस्टर इग्नेशिया यांच्यासोबत पिणाऱ्यांना दाखल करून घ्यायला सुरुवात केली होती. मीटिंग निवडताना ‘ओपन’ की ‘क्लोज’ ते विचारा. ओपनला घरचे येऊन बसू शकतात, क्लोज फक्त पिण्याचा प्रश्न असलेल्यांसाठी असते. आणि एका गटात मन रमलं नाही, तर दुसऱ्या गटात जाऊन पाहा. प्रत्येक गट आपल्यापुरता स्वतंत्र असतो.