माळावरची रात्र आणि स्पीकरचा पल्ला

डिसेंबर सरत आला की सोलापूरच्या आसपासच्या शिवारांत मालदांडी ज्वारीचा हुरडा भरू लागतो आणि शहरातली माणसे दिवसभराच्या सहलीला, अलीकडे रात्रीच्या मुक्कामालाही बाहेर पडतात. उजनीच्या फुगवट्याच्या काठी, मोहोळ-करमाळ्याकडच्या शेतांत, नळदुर्गच्या वाटेवरच्या माळांवर तंबू लागतात, शेकोटी पेटते आणि बहुतेक ठिकाणी तळहाताएवढा एक ब्लूटूथ स्पीकरही सुरू होतो. गाण्याची ही हौस समजण्यासारखी आहे. उघड्यावर अंधार दाटला की ओळखीचा सूर माणसाला धीर देतो. मात्र हा स्पीकर माळावर नेमके काय करतो हे भौतिकशास्त्राच्या आणि प्राणिशास्त्राच्या अंगाने तपासले, तर असे दिसते की तो केवळ शांतता मोडत नाही, परिसरातल्या प्रत्येक कानाचा पल्ला आखूड करतो. आणि त्या कानांत आपलेही कान आले.

आधी आवाजाचा प्रवास पाहू. मोकळ्या जागेत एका ठिकाणाहून निघालेला आवाज चहूकडे पसरत जातो, त्यामुळे अंतर दुप्पट झाले की त्याची पातळी ६ डेसिबलांनी उतरते आणि दसपट झाले की २० डेसिबलांनी. लहान पण दमदार स्पीकर एका मीटरवर ९० डेसिबल सहज देतो. हाच आवाज १० मीटरवर ७०, १०० मीटरवर ५० आणि एक किलोमीटरवर ३० डेसिबल उरतो. हा आकडा किरकोळ वाटेल, पण वारा पडलेल्या हिवाळी रात्री मोकळ्या ग्रामीण भागातला मूळ आवाजच ३० डेसिबलांच्या आसपास किंवा त्याहूनही खाली असू शकतो. म्हणजे एका तंबूतले गाणे एक किलोमीटर त्रिज्येच्या, सुमारे ३१४ हेक्टरांच्या वर्तुळात कमी-अधिक प्रमाणात पोहोचू शकते. शिवाय हवा सगळे स्वर सारखे शोषत नाही. (स्वराची उंची हर्ट्झमध्ये, म्हणजे सेकंदाला होणाऱ्या कंपनांत मोजतात; आकडा जितका मोठा, तितका स्वर उंच.) मध्यम आर्द्रतेच्या हवेत १००० हर्ट्झचा स्वर दर किलोमीटरला सुमारे ५ डेसिबल गमावतो, ८००० हर्ट्झचा स्वर पाऊणशेच्या आसपास, आणि शंभर-सव्वाशे हर्ट्झचा स्वर एक डेसिबलसुद्धा गमावत नाही. दूरच्या तंबूतल्या गाण्याचे शब्द न कळता नुसता ठेका ऐकू येतो तो यामुळे. आजकालच्या स्पीकरांत ज्या बासचे कौतुक असते, तोच भाग माळावर सर्वांत दूर जातो.

यात सोलापूरची हवा आणखी भर घालते. आवाजाचा वेग तापमानाच्या प्रत्येक अंशामागे सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो. दिवसा जमिनीलगतची हवा तापलेली आणि वरची त्या मानाने थंड असते, तेव्हा ध्वनिलहरीचा खालचा भाग वेगाने पुढे जातो आणि लहर आकाशाकडे वळते. दूरच्या श्रोत्यापर्यंत पोहोचण्याआधीच ती त्याच्या डोक्यावरून निघून जाते. रात्री नेमके उलटे घडते. निरभ्र आकाशाखाली आमच्याकडची उघडी, खडकाळ जमीन झपाट्याने उष्णता टाकते, तिच्यालगतची हवा गार पडते, वरची हवा मात्र उबदार राहते आणि वर निघालेल्या लहरी वळून पुन्हा जमिनीकडे येतात. गिरण्या चालू होत्या त्या काळात पहाटेचा भोंगा शहराबाहेरच्या वस्त्यांपर्यंत जाई आणि आजही मध्यरात्री रेल्वेचा आवाज दिवसापेक्षा कितीतरी लांबून येतो, त्याला शहराच्या शांततेइतकाच हवेचा हा थरही कारणीभूत आहे. हुरड्याचा हंगाम म्हणजे याच निरभ्र, निवांत, थंड रात्रींचा हंगाम होय. वर्षातल्या ज्या रात्री आवाज सर्वाधिक दूर जातो, त्याच रात्री आपण स्पीकर घेऊन बाहेर पडतो.

आता ऐकणाऱ्यांकडे वळू. नव्या आवाजामुळे जुना, मंद आवाज झाकला जाणे याला ध्वनिशास्त्रात आच्छादन म्हणतात. त्याचे गणित सोपे आहे आणि अस्वस्थ करणारेही. एखाद्या प्राण्याच्या भोवतालचा आवाज त्याला ऐकायच्या पट्ट्यात फक्त ३ डेसिबलांनी वाढला, तरी ज्या अंतरावरून त्याला चाहूल लागते ते सुमारे ३० टक्क्यांनी घटते आणि ज्या क्षेत्रफळावर त्याचा कान असतो ते निम्मे होते. वाढ १० डेसिबलांची असेल, तर ऐकण्याच्या क्षेत्रफळाचा जेमतेम दहावा भाग शिल्लक राहतो. माणसाला ३ डेसिबलांचा फरक धड जाणवतही नाही, म्हणून 'आम्ही अगदी हळू लावले होते' असे म्हणणारा प्रामाणिक असूनही त्याच्या तंबूपासून दूर दडलेल्या सशाचे रान निम्म्यावर आलेले असू शकते.

माळरान उजाड दिसते, पण रात्री त्याचा कारभार बव्हंशी कानांवर चालतो. गव्हाणी घुबड पूर्ण काळोखात केवळ आवाजाच्या आधारे उंदीर पकडू शकते, हे रॉजर पेन या अमेरिकी शास्त्रज्ञाने अंधाऱ्या खोलीतल्या प्रयोगांतून दाखवून दिले. अशाच कानांवर जगणाऱ्या एका छोट्या उत्तर अमेरिकी घुबडावर पुढे प्रयोग झाले, तेव्हा गोंगाट दर डेसिबलने वाढला की शिकार साधण्याची शक्यता ८ टक्क्यांनी घटते असे आढळले. खोकडाचे मोठे कान गवतातली बारीक खसफस टिपतात. रातवा हा निशाचर पक्षी जमिनीवर बसून वेग घेत जाणारी 'चक्-चक्-चक्' अशी साद घालतो आणि करवानक या माळावरच्या पक्ष्यांच्या जोड्या उंच शिळेने एकमेकांना धरून असतात. रातकिड्यांचे कान त्यांच्या पुढच्या पायांवर असतात आणि मादी नराच्या आवाजाच्या दिशेने चालत जाऊनच त्याला गाठते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी अभ्यासलेल्या वृक्ष-रातकिड्यांचे काही नर तर पानाला भोक पाडतात, त्यात बसून पंख घासतात आणि पानाच्या पृष्ठभागाच्या मदतीने आपला आवाज वाढवतात. मादीपर्यंत पोहोचण्यासाठी एवढी खटपट करणाऱ्या जिवाच्या शेजारी आपण ९० डेसिबलांचा स्पीकर ठेवतो, याचे मला खरोखर वाईट वाटते.

लांडग्याची गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. सोलापूर, पुणे आणि अहिल्यानगर जिल्ह्यांची माळराने ही भारतीय लांडग्याची जुनी घरे आहेत. विखुरलेल्या कळपातले सदस्य हुळकीने, म्हणजे लांबवून काढलेल्या आरोळीने, एकमेकांचा ठाव घेतात आणि आपली हद्दही तिनेच कळवतात. या हुळकीचा मूळ स्वर साधारण ४०० हर्ट्झच्या आसपास असतो. मानवी गळा, हार्मोनियम आणि बहुतेक वाद्यांचा मधला पट्टाही तोच. त्यामुळे गाणे इथे नुसते पार्श्वभूमीला राहत नाही, ते लांडग्याच्या निरोपाच्या जागेवरच येऊन बसते. नान्नजच्या माळढोकाचीही अडचण अशीच आहे. सोलापूरहून बार्शीच्या रस्त्याला असलेले हे अभयारण्य १९७९ मध्ये जाहीर झाले, तेव्हा त्याचे क्षेत्र सुमारे ८४९६ चौरस किलोमीटर होते. पुढे ते सुमारे १२२२ चौरस किलोमीटरांवर आणले गेले. विणीच्या काळात नर माळढोक घुमतो आणि त्याचा खर्जातला आवाज सुमारे ५०० मीटरपर्यंत ऐकू येतो. आज तिथे माळढोक क्वचितच दिसतो, आणि जो पक्षी इतका विरळ झाला आहे त्याच्या सादेचा प्रत्येक मीटर मोलाचा आहे. अभयारण्यात परवानगीशिवाय जाता येत नाही हे खरे, पण भोवतालच्या शेतांतून निघालेला आवाज कुंपणाशी थांबत नाही.

प्राण्यांना सवय होत असेल, असा एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. काही प्रजातींना ती होतेही. पण प्रयोग काय सांगतात ते पाहण्यासारखे आहे. अमेरिकेतील आयडाहो राज्यात २०१२ मध्ये संशोधकांनी रस्ता नसलेल्या डोंगरधारेवर सुमारे अर्ध्या किलोमीटरभर ध्वनिक्षेपक लावून वाहतुकीचा नुसता आवाज वाजवला. आवाज चालू असलेल्या दिवसांत तिथे उतरणाऱ्या स्थलांतरी पक्ष्यांची संख्या चतुर्थांशाहून अधिक घटली, आणि पुढच्या अभ्यासात जे पक्षी तरीही थांबले त्यांतल्या काहींचे वजन हवे तसे भरेना, कारण मान वर करून टेहळणी करण्यात त्यांचा चरण्याचा वेळ जात होता. हिवाळ्यात आपल्या माळांवर हजारो किलोमीटर ओलांडून येणारे भोवत्ये हे शिकारी पक्षी गवतात, थेट जमिनीवर रात्र काढतात. त्यांच्यासाठी ही बाब अगदी जवळची आहे. वायोमिंगच्या जंगलात २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पायी फिरणाऱ्यांचे आणि सायकलस्वारांचे नुसते ध्वनिमुद्रित आवाज ऐकवले, तेव्हा नैसर्गिक आवाजांच्या तुलनेत सस्तन प्राणी पळून जाण्याची शक्यता तिपटीहून जास्त वाढली. प्रत्यक्ष संगीतावरचा २०१८ चा एक प्रयोग तर सोयाबीनवरच झाला. मिसिसिपीतील संशोधकांनी मावा खाणाऱ्या ढालकिड्यांना कर्कश रॉक संगीत ऐकवले. त्यांनी मावा कमी खाल्ला, मावा वाढला आणि रोपे खुरटली. बार्शी-अक्कलकोटच्या सोयाबीन उत्पादकाला ढालकिड्याचे मोल वेगळे सांगायला नको.

माणसाच्या शरीरावर काय होते, हे सांगताना संगीतावर अन्याय करू नये. संथ संगीताने श्वास आणि नाडी शांत होते, याला पुरेसा आधार आहे. स्टॉकहोममध्ये २०१० साली झालेल्या प्रयोगात ताण देणाऱ्या गणितांनंतर पाण्याचा आणि पक्ष्यांचा आवाज ऐकणाऱ्यांच्या त्वचेवरची ताणाची खूण गोंगाट ऐकणाऱ्यांपेक्षा लवकर ओसरली, आणि ब्रिटनमधील २०१७ च्या मेंदूप्रतिमांच्या अभ्यासातही नैसर्गिक आवाजांनी चित्त बाहेरच्या जगाकडे वळते असे दिसले. मला यातून संगीत हलके आणि रातकिडा श्रेष्ठ असा निकाल काढायचा नाही. संगीत घरी, बसमध्ये, कारखान्यात, कुठेही मिळते. रातव्याची साद मात्र माळावरच मिळते, आणि तीही कान ताजे असतील तर. मोठा आवाज बराच वेळ ऐकला की कानाचा उंबरठा काही काळ वर सरकतो आणि मंद स्वर ऐकूच येत नाहीत. दोन-तीन तास दणदणीत गाणी लावून मग 'आता शांतता ऐकू' म्हणणाऱ्याला इथे काहीच नाही असे वाटते, त्याचे निम्मे कारण त्याच्या कानातच असते.

सुरक्षिततेचा प्रश्नही कानाशीच जोडलेला आहे. फुरसे अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून खवल्यांचा करकर आवाज काढते, तर घोणस प्रेशर कुकरची वाफ सुटावी तशी फुत्कारते. दोन्ही आवाज 'पुढे येऊ नका' एवढेच सांगतात आणि ते ऐकणारा माणूस वाचतो. मण्यार मात्र बिनआवाजी येतो, तेव्हा तंबूची चेन पूर्ण लावून घेणे आणि जमिनीवर उघडे न झोपणे याला पर्याय नाही. मार्च ते मे या काळात वळवाचे ढग जमतात तेव्हा मेघगर्जना साधारण १५ किलोमीटरपर्यंतच ऐकू येते, आणि ती ऐकू आली याचाच अर्थ पुढची वीज आपल्यापर्यंत पोहोचू शकते. उघड्या माळावर तंबूचा खांब हीच सर्वांत उंच वस्तू असताना ती पहिली गर्जना ठेक्यात बुडून जाणे परवडणारे नाही. इयरफोनने प्राण्यांचा त्रास वाचतो, पण हा धोका तसाच राहतो.

मग गाणे म्हणूच नये का? म्हणावे, फक्त ते गळ्यातून म्हणावे. शेकोटीभोवती मोकळ्या पण आवरत्या आवाजात म्हटलेले गाणे एका मीटरवर सुमारे ७० डेसिबल धरले, तर ते ३० डेसिबलांवर सुमारे १०० मीटरवर उतरते. साध्या बोलण्याचे ६० डेसिबल त्याच पातळीला सुमारे ३२ मीटरवर येतात. एक किलोमीटरच्या वर्तुळाच्या तुलनेत गाण्याचे क्षेत्रफळ शंभरपट कमी झाले आणि बोलण्याचे सुमारे हजारपट. स्पीकर लावायचाच असेल, तर तो भर दुपारी लावावा, बास कमी करावा आणि सूर्य कलण्याआधी बंद करावा. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धकाला मनाई करणारे २००० सालचे नियम शिवारालाही लागू आहेत, ते केवळ शहरातल्या मिरवणुकांसाठी नाहीत.

आवाजाचे प्रदूषण इतर प्रदूषणांहून एका बाबतीत वेगळे आहे: ते बंद करताच संपते. २०२० च्या टाळेबंदीत सॅन फ्रान्सिस्कोतली वाहतूक थांबली, तेव्हा तिथल्या पांढऱ्या पट्टेरी डोक्याच्या चिमण्या आधीपेक्षा हळू गाऊ लागल्या आणि तरीही त्यांचे गाणे सुमारे दुप्पट अंतरावर पोहोचू लागले. माळावर हे अनुभवायला पहाटेची वेळ उत्तम, कारण तेव्हा वारा पडलेला असतो आणि चंडोल उजाडण्याआधीच गाऊ लागतात. दोन्ही तळवे कानांमागे धरले, तर समोरचा मंद आवाज काही डेसिबलांनी उंचावतो. फोन तंबूपासून थोडा दूर, दगडावर ठेवून अर्धा तास ध्वनिमुद्रण करावे, त्यासोबत तारीख, वेळ आणि ठिकाण नोंदवावे आणि ते झेनो-कँटोसारख्या पक्ष्यांच्या आवाजांच्या खुल्या ऑनलाइन संग्रहाला द्यावे. तिथून ते कोणत्याही अभ्यासकाला ऐकता आणि वापरता येते.