पार्श्वभूमी : गाडी चालवताना फोन आणि ‘हात मोकळे’ असल्याचा भ्रम

धोकादायक रीतीने गाडी चालवण्याची शिक्षा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये आहे. २०१९ च्या दुरुस्तीने या कलमाला एक स्पष्टीकरण जोडले. लाल सिग्नल तोडणे, उलट्या दिशेने गाडी घालणे, नियम मोडून ओव्हरटेक करणे यांच्याच रांगेत ‘हातात धरायचे संपर्क साधन’ वापरणेही त्यात आले. या शब्दांतला ‘हात’ महत्त्वाचा आहे. जगातल्या बहुतेक कायद्यांनी हातालाच धरले आणि त्यातून एक समज पक्का झाला : फोन हातात नसला की झाले, ब्लूटूथवर बोलायला हरकत नाही. संशोधन पन्नासहून अधिक वर्षे याच्या उलट सांगत आले आहे. कायदा आणि संशोधन यांच्यात ही फट कशी पडली, ते पाहायचे तर मोबाइलच्याही आधी जावे लागते.

गाडीत टेलिफोन आला तो १७ जून १९४६ रोजी, अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात. बेल कंपनीची ही सेवा होती. डिकीत बसवलेल्या यंत्रासह सगळ्या सामानाचे वजन ३६ किलोच्या आसपास भरे आणि कॉल जोडून द्यायला ऑपरेटर लागे. इतकी महाग आणि अवजड वस्तू फार थोड्यांच्या गाडीत असल्याने अपघाताचा प्रश्न तेव्हा कुणाला पडला नाही. तो पडला १९६९ मध्ये, ब्रिटनमधल्या संशोधकांना. त्यांनी २४ पुरुषांना एका मार्गावर गाडी चालवायला लावली. वाटेत फटी ठेवल्या होत्या. काहींतून गाडी जाऊ शकत होती, काही गाडीपेक्षाही अरुंद होत्या. चालवता चालवता फोनवरून छोटी विधाने ऐकवली जात आणि ती खरी की खोटी हे सांगायचे होते. चालकांचे स्टिअरिंग फारसे बिघडले नाही. बिघडला तो अंदाज. गाडी जाणारच नाही अशा फटींबाबत त्यांचे निर्णय चुकू लागले.

या विषयाचे मर्म त्या एका प्रयोगात आले होते. गाडी सरळ ठेवणे, गिअर बदलणे ही कामे सवयीने होतात, ती फोनवर बोलतानाही जमतात. म्हणूनच बोलणाऱ्याला आपण नीट चालवतोय असे मनापासून वाटते. पण ‘समोरचा ट्रक वळायच्या आत मी निघू शकेन का’, ‘हा पोरगा रस्ता ओलांडणार की थांबणार’ असे निर्णय सवयीचे नसतात. प्रत्येक वेळी ते नव्याने घ्यावे लागतात आणि त्यांना लागणारे लक्ष संभाषणाने आधीच घेतलेले असते.

पुढचा मोठा पुरावा १९९७ मध्ये कॅनडातल्या टोरांटोहून आला. रेडेलमायर आणि टिबशिरानी या दोन संशोधकांनी ज्यांच्याकडे मोबाइल होता आणि ज्यांच्या गाडीचे टकरीत बरेच नुकसान झाले होते, असे ६९९ चालक घेतले. त्यांची फोनबिले काढून २६,७९८ कॉल तपासले. पद्धत साधी होती : टकरीच्या आधीच्या काही मिनिटांत कॉल चालू होता का, आणि त्याच माणसाचा आदल्या दिवशी त्याच वेळेला कॉल होता का. प्रत्येक चालकाची तुलना त्याच्या स्वतःशीच झाल्यामुळे ‘फोन वापरणारे मुळातच बेदरकार असतात’ ही पळवाट उरली नाही. फोन चालू असताना टकरीची जोखीम सुमारे ४.३ पट निघाली आणि हँड्सफ्री वापरणाऱ्यांना कसलाही फायदा दिसला नाही. ३९ टक्के चालकांनी टकरीनंतर मदत मागायला तोच फोन वापरला होता, हेही त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवले. २००५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये टकरीनंतर रुग्णालयात आलेल्या ४५६ चालकांचा अभ्यास झाला, त्यातही जोखीम चौपटच निघाली, हँड्सफ्रीलाही तेवढीच.

असे का होते, यावर अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात डेव्हिड स्ट्रेयर यांच्या गटाने बरेच काम केले. सिम्युलेटरवर, म्हणजे गाडी चालवण्याचा आभास देणाऱ्या यंत्रावर, हँड्सफ्री बोलणाऱ्या चालकांची नजर कुठे जाते हे त्यांनी यंत्राने मोजले आणि नंतर रस्त्यात काय काय दिसले ते विचारले. ज्या वस्तूंवर नजर खिळली होती, त्याही अनेकांना आठवल्या नाहीत. डोळे बघत होते, पण मेंदूपर्यंत पोहोचत नव्हते. ‘तो अचानक समोर आला’ हे अपघातानंतरचे वाक्य बऱ्याचदा खोटे नसते. चालकाला तो खरोखर अचानक दिसलेला असतो.

मग शेजारी बसलेल्याशी बोलण्यात आणि फोनवर बोलण्यात फरक काय, असा प्रश्न नेहमी येतो आणि तो रास्त आहे. शेजारी बसलेल्याला रस्ता दिसतो. चौक आला की तो आपोआप गप्प होतो, कधी ‘अरे, ती रिक्षा बघ’ म्हणतो. फोनवरच्या माणसाला तुमच्यासमोरचा चौक दिसत नाही. तो उत्तराची वाट पाहत असतो आणि आपणही शांतता पडू नये म्हणून बोलत राहतो. बोलणे संपले म्हणजे लक्ष लगेच परत येते असेही नाही. गाडीतल्या यंत्राला तोंडी हुकूम दिल्यानंतर लक्ष विचलित राहण्याचा काळ २७ सेकंदांपर्यंत जाऊ शकतो, असे अमेरिकेत २०१५ मध्ये मोजले गेले.

सगळे अभ्यास एका सुरात बोलत नाहीत, हेही सांगायला हवे. व्हर्जिनियात मालट्रकच्या केबिनमध्ये कॅमेरे बसवून केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००९ मध्ये आले. त्यात संदेश टाइप करणाऱ्या चालकांची जोखीम २३ पट निघाली. टाइप करतानाच्या सहा सेकंदांपैकी ४.६ सेकंद त्यांची नजर रस्त्यावर नव्हती. नुसते बोलण्याची जोखीम मात्र त्या ट्रकचालकांत वाढलेली दिसली नाही. लांबच्या, मोकळ्या, कंटाळवाण्या हायवेवर बोलण्याने डुलकी टळत असावी, असा त्याचा एक अर्थ लावला जातो. तो निष्कर्ष उचलून पुण्याच्या किंवा ठाण्याच्या संध्याकाळच्या गर्दीला लावणे चूक आहे. तिथे दर काही मीटरवर नवा निर्णय घ्यावा लागतो.

नजर हटण्याचा हिशेब कुणालाही करता येतो. ताशी ४० किमी वेगाने गाडी सेकंदाला ११ मीटर जाते, ८० ला २२ मीटर. दोन सेकंद स्क्रीनकडे पाहिले तर शहरातल्या वेगानेही २२ मीटर अंतर आंधळेपणी कापले जाते. पाच सेकंदांचा संदेश हायवेवर वाचला तर ११० मीटर. ब्रेक दाबल्यावर लागणारे अंतर यात धरलेलेच नाही.

भारतात मोबाइलवरचा पहिला कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला, कोलकात्याहून पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी दिल्लीत तेव्हाचे दूरसंचार मंत्री सुखराम यांना केलेला. तेव्हा मिनिटाचा दर १६ रुपयांपर्यंत होता आणि येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. त्यामुळे गाडी चालवताना गप्पा मारणे परवडणारे नव्हते. २००३ मध्ये येणारे कॉल मोफत झाले आणि फोन दुचाकीवर आला. हेल्मेटात खुपसलेला फोन किंवा मान वाकडी करून कान आणि खांद्यात दाबलेला फोन ही दृश्ये त्यानंतरची. २०१६ च्या सप्टेंबरपासून डेटा स्वस्त झाला आणि बोलण्याच्या जोडीला पाहणे आले : नकाशा, संदेश, रील, क्रिकेट. मार्च २०२५ मध्ये दादरहून स्वारगेटला निघालेल्या ई-शिवनेरीचा चालक गाडी चालवताना मोबाइलवर सामना पाहत असल्याचे प्रवाशाने केलेले चित्रण समोर आले आणि त्याला कामावरून काढण्यात आले. मागे बस भरून माणसे होती.

दुचाकीचा धोका वेगळा मांडावा लागतो, कारण परदेशी अभ्यास बहुतेक चारचाकीचे आहेत. आपल्याकडच्या स्कूटरवर डाव्या हाताशी मागचा ब्रेक असतो आणि हॉर्न, इंडिकेटर, डिपर हेही सगळे डाव्याच बाजूला. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना दोन्ही चाकांचे ब्रेक एकत्र लागण्याची व्यवस्था किंवा एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जागीच अडकू न देणारी यंत्रणा) सक्तीचे झाले. स्कूटरवर ही एकत्र व्यवस्था साधारणपणे डाव्या लिव्हरवरच चालते. म्हणजे डाव्या हाताने फोन धरणारा ज्या सोयीसाठी पैसे मोजले तीच सोडून देतो. उरतो एकटा पुढचा ब्रेक. वळणात किंवा वाळूवर तो एकट्याने करकचून दाबला की पुढचे चाक घसरते. मोटारसायकलवर डावा हात गेला की क्लच गेला. उजव्या हातात फोन घेतला तर ॲक्सिलरेटर आणि पुढचा ब्रेक दोन्ही सुटतात. मान वाकडी करून चालवणाऱ्याला त्या बाजूचा आरसा दिसत नाही आणि खड्डा आला की फोन सावरायला हात आपोआप वर जातो. हँडल सुटते ते त्या क्षणी.

इअरफोनने हात मोकळे राहतात, कान बंद होतात. २६ एप्रिल २०१८ रोजी उत्तर प्रदेशातल्या कुशीनगरजवळ, फाटक नसलेल्या रेल्वे क्रॉसिंगवर शाळेच्या व्हॅनला रेल्वेगाडीने उडवले. १३ मुले गेली. चालकाच्या कानात इअरफोन होते, असे प्राथमिक चौकशीनंतर सांगण्यात आले.

कायद्याकडे परत येऊ. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम २१ मध्ये परवाना निलंबित होऊ शकेल अशा कृत्यांची यादी आहे. तिथे शब्द नुसते ‘गाडी चालवताना मोबाइल फोन वापरणे’ असे आहेत, हाताचा उल्लेख नाही. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने याच आधारे फोन वापरणाऱ्यांचा परवाना किमान तीन महिने निलंबित करा, असे राज्यांना सांगितले. दंड मात्र जुन्या कलम १८४ खाली पहिल्या गुन्ह्याला जास्तीत जास्त १,००० रुपये एवढाच होता. २०१९ मध्ये तो १,००० ते ५,००० झाला, तीन वर्षांत पुन्हा सापडल्यास १०,०००. कैदेची तरतूद आधीपासूनच होती. पण त्याच दुरुस्तीने कलम २०० मध्ये आणखी एक गोष्ट केली : कलम १८४ मधला फक्त फोनचा गुन्हा तडजोड शुल्क भरून मिटवता येईल असे ठरवले. महाराष्ट्राने डिसेंबर २०२१ मध्ये हे शुल्क ठरवले, दुचाकीला १,०००, चारचाकीला २,००० आणि इतर वाहनांना ४,००० रुपये. म्हणजे कायद्याने फोनला धोकादायक चालवण्याच्या पंगतीत बसवले आणि व्यवहारात ते एक ई-चलान झाले. परवाना निलंबनाचे हत्यार अजूनही हातात आहे. ते अधिक वापरले जायला हवे.

१ ऑक्टोबर २०२० पासून नियमांत सवलतही आली : लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने, केवळ मार्ग पाहण्यासाठी साधन वापरता येईल. ही अट पाळायची तर पत्ता गाडी सुरू करण्याआधी घालावा, आवाजी सूचना चालू ठेवाव्यात, फोन स्टँडवर नजरेच्या रेषेजवळ पण समोरचा रस्ता झाकणार नाही असा लावावा आणि ‘ड्रायव्हिंग’ मोड चालू करून संदेश अडवावेत. रस्ता चुकला तर पुढे जाऊन पेट्रोल पंपावर थांबून नकाशा पाहावा. एक्स्प्रेसवेच्या कडेच्या पट्टीवर थांबणे हा त्यावरचा उपाय नाही. मागून येणाऱ्या ट्रकला तिथे उभी गाडी अपेक्षित नसते. दुचाकीच्या हँडलवर फोन लावणाऱ्यांनी कंपने शोषणारा स्टँड घ्यावा. इंजिनाच्या कंपनांनी फोनचा कॅमेरा बिघडू शकतो, असा इशारा ॲपलने २०२१ मध्येच दिला होता.

शब्दांत अडकण्याची किंमत ब्रिटनने मोजली. तिथे डिसेंबर २००३ पासून हातातल्या फोनला बंदी होती, पण ती ‘संवादा’साठीच्या वापराला. अपघातस्थळाचे चित्रण करणाऱ्या एका चालकाची सुटका २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने कायम केली, कारण चित्रण म्हणजे संवाद नव्हे. ही पळवाट मार्च २०२२ मध्ये बंद झाली. फोन पकडणारे कॅमेरे पहिल्यांदा रस्त्यावर आले ते ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये, डिसेंबर २०१९ मध्ये. केरळने जून २०२३ मध्ये आणि मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेने २०२४ मध्ये तसे कॅमेरे लावले. पण कॅमेरा काचेतून हातातला फोन टिपतो. कानातले संभाषण त्याला दिसत नाही.

आकडे पाहताना हे लक्षात ठेवावे लागते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालांत २०१६ मध्ये फोनमुळे २,१३८ मृत्यू नोंदले गेले, २०१७ मध्ये ३,१७२, २०२१ मध्ये १,०४० आणि २०२२ मध्ये ३,३९५. २०२२ चे एकूण रस्ते-मृत्यू १,६८,४९१ होते. २०२१ मध्ये लोकांनी फोन बाजूला ठेवला आणि पुढच्या वर्षी तिपटीने उचलला, असे कुणी म्हणणार नाही. हलते ती नोंद. अपघातानंतर जखमीला हलवतात, फोन खिशात जातो किंवा गटारात, आणि पंचनाम्यात ‘भरधाव व निष्काळजीपणे’ एवढे लिहिले की काम भागते. कॉल रेकॉर्ड मागवले तरी त्यात साधे कॉल आणि एसएमएस दिसतात. व्हॉट्सॲपवरचा कॉल तिथे कॉल म्हणून येत नाही, येतो तो नुसता इंटरनेटचा वापर. टोरांटोच्या संशोधकांनी १९९७ मध्ये बिलावरची वेळ आणि टकरीची वेळ शेजारी ठेवून उत्तर काढले. आज ती वेळ कंपनीच्या बिलात नसते, चालकाच्या हँडसेटमध्ये असते. आणि तो हँडसेट जागेवरच जप्त होऊन तपासला गेला, तरच मृत्यूचे ते कारण अहवालात उतरते.