श्रेयांकांचा हिशेब: आधीचे शिक्षण विद्यापीठे कशी धरतात याची पार्श्वभूमी

एका विद्यापीठात उत्तीर्ण केलेला विषय दुसऱ्या विद्यापीठाने धरावा, आणि वर्गाबाहेर, म्हणजे नोकरीत, सैन्यात, कारखान्यात किंवा स्वतःच्या वाचनातून मिळवलेल्या ज्ञानालाही पदवीच्या हिशेबात जागा मिळावी, या दोन मागण्या आज श्रेयांक हस्तांतरण आणि पूर्वशिक्षणाची मान्यता या नावांनी ओळखल्या जातात. श्रेयांक (क्रेडिट) म्हणजे पदवीच्या हिशेबात धरल्या जाणाऱ्या अभ्यासाचे एकक. दोहोंचे नियम बहुधा एकाच पुस्तिकेत शेजारच्या पानांवर छापलेले असतात. त्यांची मुळे मात्र वेगळी आहेत, आणि ती माहीत नसली तर आजचे नियम मनमानी वाटू लागतात. एखादा विद्यार्थी साठ श्रेयांक घेऊन येतो आणि त्यांतले वीस कापले जातात. वीस वर्षे हिशेबनीस म्हणून काम केलेल्या व्यक्तीला लेखाशास्त्राच्या पहिल्याच सत्रातल्या विषयाला बसवले जाते. हे असे का होते, हे समजून घेताना मला एक प्रश्न सर्वांत उपयोगी वाटला आहे: एखाद्याला एखादी गोष्ट येते, किंवा येत नाही, हे सिद्ध करण्याचा भार कोणत्या काळी कोणावर टाकला गेला?

हा प्रश्न विद्यापीठांइतकाच जुना आहे. १२३३ मध्ये पोप नववा ग्रेगरी याने तुलूझच्या नव्या विद्यापीठाला असा अधिकार दिला, की तेथे परीक्षा देऊन अध्यापनास पात्र ठरलेल्या माणसाला कोठेही, पुन्हा परीक्षा न देता शिकवता येईल. कोठेही शिकवण्याचा हा अधिकार पुढे अनेक विद्यापीठांनी मागून घेतला; बोलोन्याला तो १२९१ मध्ये आणि पॅरिसला १२९२ मध्ये औपचारिकरीत्या मिळाला. कागदावर पाहता ही मान्यतेची परिपूर्ण व्यवस्था होती. व्यवहारात मात्र पॅरिसचे अध्यापक बाहेरच्यांची परीक्षा घेतल्याशिवाय त्यांना आपल्यात सामावून घ्यायला नाखूश असत आणि ऑक्सफर्डही पॅरिसच्या बाबतीत तेच करी. वरून आलेला आदेश आणि शेजारच्या संस्थेवरचा विश्वास या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे तेव्हाच दिसून आले होते.

जेथे असा विश्वास होता तेथे वेगळीच रीत रूढ झाली. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि डब्लिनचे ट्रिनिटी कॉलेज एकमेकांच्या पदवीधरांना परीक्षेविना समान दर्जाची पदवी देत असत. या जुन्या सवलतीचा सर्वांत लक्षणीय उपयोग १९०४ ते १९०७ या काळात झाला. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजमध्ये स्त्रिया शिकत होत्या, परीक्षाही उत्तीर्ण होत होत्या, पण त्यांना पदवी दिली जात नव्हती. डब्लिनने १९०४ मध्ये स्त्रियांना प्रवेश दिला आणि समान दर्जाच्या पदवीची सवलत त्यांनाही लागू झाली, तेव्हा सुमारे ७०० स्त्रिया आगबोटीने समुद्र ओलांडून डब्लिनला गेल्या आणि पदवी घेऊन परतल्या. ऑक्सफर्डने स्त्रियांना पदवी देण्यास १९२० मध्ये सुरुवात केली, केंब्रिजने त्यांना पूर्ण पदवी १९४८ मध्ये दिली. श्रेयांक हस्तांतरणाच्या इतिहासात ही घटना क्वचितच सांगितली जाते, पण मला ती मध्यवर्ती वाटते, कारण शिक्षण देणारी संस्था जे मान्य करत नव्हती ते दुसऱ्या संस्थेने तिच्याच परीक्षांच्या आधारावर मान्य केले.

शिक्षण कोठे झाले हा प्रश्नच गौण ठरवण्याचा प्रयोग लंडन विद्यापीठाने केला. १८३६ मध्ये सनद मिळालेल्या या विद्यापीठाने १८५८ मध्ये आपल्या परीक्षा कोणत्याही महाविद्यालयाशी संलग्न नसलेल्या उमेदवारांनाही खुल्या केल्या. उमेदवार कोठे आणि किती काळ शिकला याची विचारपूस बहुतेक विषयांत उरली नाही. परीक्षेत काय लिहिले एवढेच पाहिले जाऊ लागले. सिद्ध करण्याचा भार पूर्णपणे उमेदवारावर होता, पण संधी सर्वांना होती.

आज आपण ज्याला श्रेयांक म्हणतो तो मात्र या परंपरेतून आला नाही. तो अमेरिकेतून आला, आणि तोही शिक्षणाच्या विचारातून कमी व निवृत्तिवेतनाच्या व्यवस्थेतून अधिक. चार्ल्स एलियट हे १८६९ ते १९०९ अशी चाळीस वर्षे हार्वर्डचे अध्यक्ष होते. सर्वांसाठी एकच ठरीव पाठ्यक्रम मोडून विद्यार्थ्याने आपले विषय स्वतः निवडावेत, ही पद्धत त्यांनी रुजवली. प्रत्येक विद्यार्थ्याचे विषय वेगळे झाल्यावर पदवीसाठी किती अभ्यास पुरेसा, हे मोजायला काहीतरी समान माप हवे होते. त्याच सुमारास महाविद्यालयांपुढे उलट्या बाजूने तोच प्रश्न उभा होता: निरनिराळ्या शाळांतून येणाऱ्या मुलांची तयारी कशी तोलायची?

१९०५ मध्ये अँड्र्यू कार्नेगी यांनी महाविद्यालयीन प्राध्यापकांच्या निवृत्तिवेतनासाठी एक कोटी डॉलर दिले. त्यातून उभ्या राहिलेल्या कार्नेगी प्रतिष्ठानाला पहिल्याच दिवशी अडचण आली, कारण महाविद्यालय कशाला म्हणायचे हेच देशात निश्चित नव्हते, आणि शाळेच्या वरचे वर्ग चालवणारी अनेक ठिकाणे स्वतःला महाविद्यालय म्हणवत होती. प्रतिष्ठानाने व्याख्या केली आणि तिच्यात एक अट घातली: प्रवेशासाठी माध्यमिक शिक्षणाची किमान १४ एकके मागणारी संस्थाच पात्र ठरेल. एका विषयाचे वर्षभरातले सुमारे १२० तासांचे वर्गाध्यापन म्हणजे एक एकक. निवृत्तिवेतन हवे असलेल्या संस्थांनी ही अट झपाट्याने स्वीकारली आणि काही वर्षांतच हे एकक देशभरातील शाळांचे माप झाले. १९१० मध्ये याच प्रतिष्ठानासाठी मॉरिस कुक या अभियंत्याने महाविद्यालयांच्या कार्यक्षमतेचा अहवाल लिहिला आणि एका विद्यार्थ्याचा एक तास हे खर्च व काम मोजण्याचे एकक म्हणून सुचवले. महाविद्यालयातला श्रेयांक-तास या विचारानेच घट्ट झाला.

या मापाची मर्यादा त्याच्या कर्त्यांना ठाऊक होती. विद्यार्थी विषयासाठी किती वेळ देतो हे ते मोजत होते; त्याला काय आले हे मोजण्याचा दावा त्यांनी केला नव्हता. पण माप सोपे होते, आणि सोपे माप मूळ हेतूच्या बाहेर पसरते. वर्गातल्या तासांवर उभा असलेला श्रेयांक एका वर्गातून दुसऱ्या वर्गात नेणे तुलनेने सुकर होते. ज्याचे शिक्षण वर्गात झालेच नाही त्याच्यासाठी या मापात रकानाच नव्हता. हस्तांतरण आणि पूर्वशिक्षण यांच्या वाटा येथे वेगळ्या झाल्या असे मी मानतो.

हस्तांतरणाची गरज तोवर वाढली होती. शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी पदवीचे चार वर्षांचे शिक्षण दोन-दोन वर्षांच्या टप्प्यांत विभागले, आणि पहिला टप्पा विद्यापीठाबाहेरही होऊ शकतो असा त्यांचा आग्रह होता. त्यातून १९०१ मध्ये इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे एका शाळेला जोडून द्विवर्षीय महाविद्यालय सुरू झाले; पहिल्या तुकडीत सहा विद्यार्थी होते. पुढे अशी महाविद्यालये शेकड्यांनी निघाली, आणि त्यांतून येणाऱ्यांचे दोन वर्षांचे विषय कसे धरायचे हे कुलसचिवांच्या कार्यालयातले नित्याचे काम होऊन बसले.

वर्गाबाहेरच्या शिक्षणाचा प्रश्न युद्धांनी पुढे आणला. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेतील अनेक महाविद्यालयांनी परतलेल्या सैनिकांना केवळ सेवेच्या कालावधीवर सरसकट श्रेयांक दिले. भावना चांगली होती, परिणाम वाईट झाला: ज्याने सैन्यात काहीच नवे शिकलेले नव्हते त्यालाही पुढच्या वर्गात ढकलले गेले आणि तेथे तो अडखळला. दुसऱ्या महायुद्धात ही चूक पुन्हा होऊ नये यासाठी अमेरिकेच्या शिक्षण परिषदेने सैनिकी प्रशिक्षणातील एकेका पाठ्यक्रमाची छाननी करून, त्याला कोणत्या विषयात किती श्रेयांक द्यावेत याच्या शिफारशींची मार्गदर्शिका तयार करवली. सैनिकांसाठी पत्रद्वारा शिक्षण देणारी संस्था १९४२ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन येथे सुरू झाली. १९४४ च्या माजी सैनिक कायद्याखाली पुढे सुमारे २२ लाख सैनिक महाविद्यालयांत दाखल झाले, तेव्हा ही मार्गदर्शिका हाताशी होती. सेवेबद्दलची कृतज्ञता आणि शिकल्याची नोंद या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला विद्यापीठे येथे शिकली.

नागरी जीवनातल्या अनुभवाला तेच तत्त्व लावायला आणखी तीस वर्षे गेली. मधल्या काळात परीक्षांचा मार्ग रुंदावला. शाळेतच महाविद्यालयीन पातळीचा विषय शिकून परीक्षा देण्याची योजना १९५० च्या दशकाच्या मध्यात, आणि कोणत्याही वयाच्या व्यक्तीने परीक्षा देऊन श्रेयांक मिळवण्याची योजना १९६७ मध्ये कॉलेज बोर्ड या प्रवेशपरीक्षा घेणाऱ्या अमेरिकी संस्थेने चालवायला घेतली. पण ज्या ज्ञानाची छापील परीक्षाच नाही त्याचे काय, हा प्रश्न उरला. १९७४ मध्ये एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस ही परीक्षा घेणारी संस्था आणि काही महाविद्यालये यांनी कार्नेगी कॉर्पोरेशन या कार्नेगींच्याच दुसऱ्या संस्थेच्या पैशातून अनुभवाधारित शिक्षणाच्या मूल्यमापनाचा प्रकल्प हाती घेतला. मॉरिस कीटन हे त्याचे प्रमुख पुरस्कर्ते होते. या प्रकल्पातून जे सूत्र रूढ झाले ते आजही या क्षेत्राचा पाया आहे: श्रेयांक शिकण्याला द्यायचे, अनुभवाला नाही.

हे सूत्र व्यवहारात कठोर आहे आणि तसेच असायला हवे. वर उल्लेखिलेल्या हिशेबनिसाचेच उदाहरण घेऊ. वीस वर्षे वह्या लिहिल्या, हा अनुभव झाला. यंत्राचा घसारा दोन वेगळ्या पद्धतींनी कसा काढतात, कोणती पद्धत केव्हा वापरावी आणि तिचा नफ्याच्या आकड्यावर काय परिणाम होतो, हे ज्याला सांगता येते त्याच्यापाशी त्या अनुभवातून आलेले ज्ञान आहे. म्हणून उमेदवाराला पोर्टफोलिओ तयार करावा लागतो: आपल्याला काय येते हे विषयाच्या भाषेत मांडायचे, त्याच्या पुष्ट्यर्थ कामाचे नमुने, वरिष्ठांची पत्रे, प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे जोडायची, आणि त्या विषयाच्या अध्यापकाने ते तपासून, गरज पडल्यास मुलाखत घेऊन निर्णय द्यायचा. या पद्धतीचा दोषही येथेच आहे. ज्याला आपले काम शब्दांत मांडता येते त्याला ती अनुकूल आहे. उत्तम काम करूनही लेखनाची सवय नसलेला माणूस तिच्यात मागे पडतो, आणि चांगला मार्गदर्शक मिळाल्याशिवाय तो अर्ज अर्ध्यावर सोडतो.

फ्रान्सने निराळी वाट धरली आणि माझ्या मते ती अधिक धाडसी होती. तेथे १९३४ च्या कायद्यानेच पदविका नसलेल्या पण दीर्घकाळ अभियंत्याचे काम केलेल्यांना परीक्षेद्वारे अभियंता ही शासनमान्य उपाधी मिळू लागली होती. १९८५ मध्ये अनुभवाच्या बळावर उच्चशिक्षणात प्रवेश, १९९२ मध्ये पदवीच्या काही भागांतून सूट, आणि १७ जानेवारी २००२ च्या कायद्याने थेट संपूर्ण पदवी, असे टप्पे पडत गेले. एकही तास वर्गात न बसता, केवळ कामातून आलेल्या ज्ञानाच्या आधारे विद्यापीठाची पूर्ण पदवी मिळवणे हा तेथे नागरिकाचा हक्क झाला. किमान तीन वर्षांच्या अनुभवाची अट २०१६ मध्ये एका वर्षावर आणली गेली आणि २०२२ च्या कायद्याने काढून टाकली गेली. निर्णय परीक्षक मंडळ देते, त्यात त्या व्यवसायातले लोकही असतात, आणि मंडळ पूर्ण पदवी, तिचा काही भाग किंवा नकार यांपैकी काहीही देऊ शकते.

दक्षिण आफ्रिकेत याच कल्पनेला वेगळे वजन आले. वर्णभेदाच्या राजवटीने बहुसंख्य लोकांना शिक्षणाचे दार बंद ठेवले होते. त्यांनी कामावर मिळवलेले कौशल्य कागदावर कोठेच नव्हते. कामगार संघटनांच्या आग्रहातून १९९५ च्या कायद्याने राष्ट्रीय पात्रता आराखडा आला, तेव्हा पूर्वशिक्षणाची मान्यता हा अन्यायाच्या परिमार्जनाचा भाग मानला गेला. आशियात दक्षिण कोरियाने १९९८ मध्ये श्रेयांक बँक सुरू केली, जीत विद्यापीठात नाव न नोंदवताही निरनिराळ्या मान्य संस्थांतून श्रेयांक जमवून पदवी मिळवता येते. भारतात श्रेयांक पेढीचे नियम २०२१ मध्ये आले.

युरोपात हस्तांतरणाची यंत्रणा विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीतून घडली. १९८७ मध्ये इरॅस्मस योजना सुरू झाली, आणि दुसऱ्या देशात काढलेले सत्र परतल्यावर वाया जाऊ नये म्हणून १९८९ पासून श्रेयांकांची समान पद्धत १४५ संस्थांत प्रायोगिक तत्त्वावर राबवली गेली. एका वर्षाचे ६० श्रेयांक, आणि एका श्रेयांकामागे साधारण २५ ते ३० तासांचे काम, असा हिशेब पुढे स्थिरावला. येथे तास म्हणजे अध्यापकाने वर्गात घेतलेला तास नव्हे. वाचन, लेखन, प्रयोग, परीक्षेची तयारी असे विद्यार्थ्याचे सगळे श्रम त्यात येतात. हा फरक लहान दिसला तरी मापाचा केंद्रबिंदू त्याने हलवला. १९९९ मध्ये युरोपातील उच्चशिक्षण एकमेकांशी जुळते करू पाहणाऱ्या बोलोन्याच्या जाहीरनाम्यावर २९ देशांच्या प्रतिनिधींनी सह्या केल्या आणि अशा श्रेयांक पद्धतीला खंडभर राजकीय पाठबळ मिळाले.

परंतु माझ्या लेखी त्याहून मोठी घटना ११ एप्रिल १९९७ रोजी लिस्बन येथे घडली. युरोप परिषद आणि युनेस्को यांच्या पुढाकाराने तेथे झालेल्या करारानुसार, दुसऱ्या देशातील पात्रता किंवा अपूर्ण राहिलेल्या अभ्यासाचा कालखंड मान्य केलाच पाहिजे, जोवर ठोस आणि महत्त्वाची तफावत दाखवता येत नाही. आणि ती दाखवण्याची जबाबदारी मूल्यमापन करणाऱ्या संस्थेवर आहे. शतकानुशतके अर्जदाराच्या खांद्यावर असलेला भार येथे लेखी स्वरूपात संस्थेकडे सरकला. विषयसूची तंतोतंत जुळत नाही, एवढे कारण आता नकाराला पुरत नाही.

तरीही श्रेयांक गळतात, कारण स्वीकारले जाणे आणि उपयोगी पडणे यांत अंतर आहे. अमेरिकेतील उच्चशिक्षण संघटनांनी १९७८ मध्ये काढलेल्या संयुक्त निवेदनात गुणवत्ता, तुल्यता आणि ज्या पदवीसाठी अर्ज आहे तिच्याशी असलेला संबंध अशा तीन कसोट्या सांगितल्या होत्या. पहिल्या दोन पार करूनही तिसरीपाशी विद्यार्थी अडकतो: श्रेयांक नोंदवले जातात, पण ऐच्छिक विषयांच्या खात्यात, जिथे त्यांची गरज नसते. शिवाय पदवीचा ठरावीक हिस्सा आपल्याकडेच पूर्ण करावा अशी बहुतेक विद्यापीठांची अट असते. अमेरिकी सरकारच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१७ मध्ये अंदाज दिला, की २००४ ते २००९ या काळात संस्था बदललेल्या विद्यार्थ्यांनी सरासरी ४३ टक्के श्रेयांक गमावले. हा आकडा वाचताना त्यामागची पुन्हा भरलेली शुल्के आणि पुन्हा काढलेली सत्रे डोळ्यांपुढे येतात, आणि प्रत्येक नकारामागे लेखी कारण देणे संस्थांना सक्तीचे हवे असे वाटल्यावाचून राहत नाही.

लिस्बनचे तत्त्व २०१९ मध्ये युनेस्कोच्या जागतिक करारात आले. तो ५ मार्च २०२३ पासून अमलात आहे, आणि पूर्वशिक्षण व अपूर्ण अभ्यास या दोहोंना त्यात स्थान आहे. दरम्यान, ज्यांच्याजवळ कोणताच कागद उरलेला नाही अशा निर्वासितांसाठी युरोप परिषदेने २०१७ मध्ये ग्रीसमध्ये एक पात्रता-पारपत्र देऊन पाहिले. जे काही दस्तऐवज सापडतील ते पाहून, आणि त्या देशाची शिक्षणपद्धती जाणणाऱ्या मूल्यमापकांनी अर्जदाराच्या घेतलेल्या मुलाखतीवरून ते दिले जाते, आणि पाच वर्षे ग्राह्य असते.